घरातली मराठी सभेत केव्हा उभी राहणार?

सीमेच्या अलीकडील व पलीकडील मराठीभाषक बंधुभगिनींनो,



नंदुरबारहून सुरतेकडे जाणारी गाडी नवापूर स्थानकात थांबते, तेव्हा तिचे काही डबे महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत उभे असतात. तिकीटखिडकी एका राज्यात, स्थानकप्रमुखांचे कार्यालय दुसऱ्या राज्यात. उद्घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी व गुजराती अशा चारही भाषांत होतात. मात्र गाडी पुढे सरकली तरी डब्यातले बोलणे बदलत नाही. मराठी, अहिराणी, गुजराती आणि हिंदी एकाच बाकावर दाटीवाटीने बसलेल्या असतात. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या याच लोहमार्गाने जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे यंत्रमागांवर, रंगाई-छपाईच्या गिरण्यांत आणि हिऱ्यांच्या कारखान्यांत पोट भरण्यासाठी सुरतेस गेली. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा, गोडादरा या वस्त्यांतून आज फेरफटका मारला, तर मराठी कानी पडल्यावाचून राहत नाही.

माझी धाकटी बहीण अशाच एका कुटुंबात दिली आहे. तिचा मुलगा, माझा भाचा, कापडबाजारातील एका पेढीत निर्यातीचे काम पाहतो. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो असता तो म्हणाला, “मामा, तुम्ही भाषेवर एवढं लिहिता, एकदा आमच्या क्लबला चला. तिथे बोलायला शिकवतात.” मी गेलो. त्या दोन तासांत मला जे दिसले आणि त्यावरून जे वाटले, ते आज आपणापुढे मांडतो.

त्या संध्याकाळची रीत

हे मंडळ टोस्टमास्टर्स पद्धतीने चालते. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी १९२४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतातील सँटा ॲना या गावी ही पद्धत सुरू केली आणि पुढे ती जगभर पसरली. तिचे मर्म असे की येथे गुरू कोणीच नसतो. सभासदच आळीपाळीने बोलतात आणि सभासदच एकमेकांस सुधारतात.

सभागृह साधे होते. सुमारे पंचवीस माणसे जमली होती. त्यांत कापडाचे व्यापारी, दोन सनदी लेखापाल, एक दंतवैद्य, काही विद्यार्थी आणि एक निवृत्त शिक्षिका होत्या. सर्व व्यवहार इंग्रजीत, अधूनमधून हिंदीत. प्रथम तयारीची भाषणे झाली, प्रत्येकी पाच ते सात मिनिटांची. एक सभासद समोर बसून वेळ मोजतो आणि हिरवा, पिवळा, तांबडा असे रंग दाखवतो. तांबडा रंग दिसला की वक्त्याने आवरते घ्यायचे, मग तो कितीही मोठा व्यापारी असो. दुसरा सभासद वक्ता किती वेळा ‘अं, अं’ करतो ते मोजतो. तिसऱ्याकडे भाषेवर लक्ष ठेवण्याचे काम असते. कोणती शब्दयोजना चांगली होती, कोठे वाक्य घसरले, हे तो शेवटी सांगतो. त्या पदाला ते इंग्रजीत व्याकरणकार म्हणतात. व्याकरणकाराला साप्ताहिक सभेत मानाची जागा असलेली पाहून माझ्यासारख्याला आनंद झाला, हे कबूल करतो.

त्यानंतर आयत्या वेळच्या भाषणांचा भाग आला. चिठ्ठी उचलायची आणि तत्काळ उभे राहून एक-दोन मिनिटे बोलायचे. माझ्या भाच्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते : ‘तुमच्या घरातील एखादी म्हण सांगा आणि ती का आठवते ते सांगा.’

तो उभा राहिला. त्यापूर्वी अर्ध्याच तासामागे त्याने निर्यातीच्या व्यवहारावर अस्खलित इंग्रजी भाषण केले होते. आता मात्र तो घुटमळला. मग म्हणाला, “सॉरी, ही आमच्या भाषेत आहे.” आणि आजोबांची एक म्हण त्याने अहिराणीत सांगितली. प्रमाण मराठीत ती अशी : बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे सोने पडून राहते. त्यानंतर तो इंग्रजीत वळला. त्याने सांगितले की आजोबा गेल्या वर्षी वारले. अमळनेर तालुक्यातील गावी उत्तरकार्याच्या दिवशी जमलेल्या मंडळींपैकी अनेकांनी श्रद्धांजली वाहिली. कोणीतरी म्हणाले, नातवाने दोन शब्द बोलावेत. तो उठला, हिंदीत दोन वाक्ये बोलला आणि खाली बसला. ज्या आजोबांशी तो जन्मभर अहिराणीत बोलला, त्यांच्याविषयी चारचौघांत उभे राहून त्या भाषेत काय बोलावे, कसे आरंभावे, हे त्याला ठाऊकच नव्हते. तेवढ्यात तांबडा रंग दिसला आणि तो बसला.

सभेच्या शेवटी भाषेवर लक्ष ठेवणाऱ्या बाईंचे निवेदन झाले. त्या म्हणजे ती निवृत्त शिक्षिका, गुजरातीभाषक. इतरांच्या चुका सांगून झाल्यावर त्या माझ्या भाच्याकडे वळल्या. त्या म्हणाल्या, “आज संध्याकाळचं सर्वांत चांगलं वाक्य मला पूर्ण समजलं नाही, पण समजल्यासारखं वाटलं. आमच्यात म्हणतात, ‘बोले तेनां बोर वेचाय’. तुझ्या आजोबांनी तेच सांगितलं. मला फक्त एक विचारायचं आहे. ते सांगण्याआधी तू माफी का मागितलीस?”

भाच्याकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर माझ्याकडेही नव्हते.

दोष कोणाचा?

अशा प्रसंगी आम्हा भाषाकार्यकर्त्यांची लेखणी एका ठरलेल्या दिशेने धावते. परराज्यात मराठीची गळचेपी होते, असे लिहून आम्ही मोकळे होतो. अन्याय होतो तेथे तसे लिहिलेही पाहिजे. परंतु त्या सभागृहात मराठीची गळचेपी कोणी केली? कोणीही नाही. उलट एका गुजराती बाईंनी तिचा मान राखला. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत गुजरातीबरोबर मराठी माध्यमही आहे. माझा भाचाही चौथीपर्यंत मराठी शाळेतच होता. २०२३ च्या कायद्याने गुजरातेतील शाळांत गुजराती शिकवणे सक्तीचे झाले, त्याविषयी तक्रार करण्याचे कारण मला दिसत नाही. महाराष्ट्राने मराठीसाठी २०२० मध्ये तसाच कायदा केला आहे. ज्या राज्यात राहायचे, त्या राज्याची भाषा यायलाच हवी.

दोष आपला आहे, आणि तो नेमका कोठे आहे हे पाहिले पाहिजे. आपण सुरतेत मराठी बोलतो, पण ती बसून बोलतो. स्वयंपाकघरात, ओट्यावर, भाजीवाल्याशी, फोनवर आपण तिचा उपयोग करतो. उभे राहून, अनोळखी माणसांपुढे, एखादा विचार आरंभापासून शेवटापर्यंत नेण्यासाठी आपण ती वापरत नाही. त्यासाठी आपण हिंदी किंवा इंग्रजी हाताशी धरतो. ज्या भाषेला केवळ बसण्याची सवय असते, तिला एखाद्या दिवशी अचानक उभे राहा म्हटले तर तिचे पाय लटपटणारच. पुढची पिढी मग असे समजते की ही भाषा मुळात बसण्याचीच आहे. माफी मागावीशी वाटते ती या समजुतीमुळे.

आपल्याकडे मराठी कार्यक्रमच होत नाहीत, असे मात्र नाही. गणेशोत्सव होतो, शिवजयंती होते, हळदीकुंकू होते, स्नेहसंमेलने होतात. पण त्यांत बोलतो कोण? दीपप्रज्वलन, स्वागत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, आणि मग प्रमुख पाहुण्यांचे ‘दोन शब्द’, जे पाऊण तास चालतात. समोरचे दोनशे लोक टाळ्या वाजवून घरी जातात. अशा कार्यक्रमातून पाहुण्यांची मराठी सुधारत असेल, आपल्या मुलांची सुधारत नाही. त्या क्लबमध्ये दोन तासांत मी बारा-तेरा माणसे बोलताना ऐकली. आपल्या एखाद्या मंडळाच्या वर्षभराच्या कार्यक्रमांत तरी बारा वेगळी तोंडे उघडतात का, हे ज्याने त्याने मोजून पाहावे.

हे सुरतेला नवे नाही

अमेरिकेतून आलेली एखादी पद्धत उचला, असे मी सांगत आहे असा कोणाचा समज होईल. म्हणून सुरतेचाच इतिहास सांगतो.

मराठीचे पाणिनी म्हणून ज्यांचा गौरव होतो, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर काही वर्षे सुरतेत इंग्रजी शाळेत शिक्षक होते. त्यांचे मराठीचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झालेले होते. जून १८४४ मध्ये त्यांनी गुजराती शिक्षक दुर्गाराम मेहता आणि अन्य मित्रांसह सुरतेत मानवधर्म सभा स्थापन केली. या सभेत धर्म, जातिभेद, मंत्रतंत्र अशा विषयांवर उघड चर्चा होई. चमत्काराचा दावा करणाऱ्यांना, सर्वांसमक्ष करून दाखवा, असे आव्हान दिले जाई. दुर्गारामांनी या सभेचे वृत्तान्त लिहून ठेवले होते आणि पुढे महीपतराम रूपराम यांनी त्यांचे चरित्र लिहिताना त्यांचा उपयोग केला. पश्चिम भारतातील सामाजिक सुधारणेच्या आरंभीच्या सभांपैकी एक सभा अशा रीतीने सुरतेत भरली, आणि तिच्या चालकांत एक मराठी व्याकरणकार होता.

याच सुरतेत जन्मलेल्या कवी नर्मद यांनी १८५१ च्या सुमारास ‘मंडळी मळवाथी थता लाभ’ या विषयावर व्याख्यान दिले. मंडळी जमल्याने काय लाभ होतात, असा त्याचा अर्थ. गुजरातीतील आरंभीच्या निबंधांत त्याची गणना होते. मुंबईत १८४८ मध्ये विद्यार्थ्यांची साहित्य व विज्ञान सभा निघाली, तिच्या ज्ञानप्रसारक सभेच्या मराठी व गुजराती अशा दोन शाखा होत्या. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या संस्थेचे नाव वक्तृत्वोत्तेजक सभा असे आहे. वक्तृत्वाला उत्तेजन देणे हे ज्या समाजाने संस्थेच्या नावातच घातले, त्याला हा विषय परका म्हणता येणार नाही.

सुरतेचा आणखी एक प्रसंग आपणा सर्वांना माहीत आहे. २७ डिसेंबर १९०७ रोजी येथील काँग्रेसच्या अधिवेशनात लोकमान्य टिळक व्यासपीठावर गेले. आपणास बोलायचे आहे अशी चिठ्ठी त्यांनी आधी पाठवली होती. अध्यक्ष रासबिहारी घोष यांनी त्यांना नियमबाह्य ठरवले. टिळक हाताची घडी घालून उभे राहिले. मंडपातून एक जोडा भिरकावला गेला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला, आणि खुर्च्या उडू लागल्या. त्या भांडणात कोण बरोबर होते, हा येथे प्रश्न नाही. परंतु तो क्लब पाहताना मला तो मंडप आठवला. बोलू इच्छिणाऱ्याला पाळी मिळणे, त्याने वेळेत संपवणे आणि इतरांनी तोवर ऐकून घेणे, या तीन साध्या गोष्टी देशातील मोठमोठ्या नेत्यांच्या सभेत त्या दिवशी उरल्या नव्हत्या. कापडाचे व्यापारी त्या दर आठवड्याला पाळतात. सभेत बोलणे ही अंगची देणगी असेलही, पण सभा चालवणे ही सवय आहे आणि ती लावून घेता येते.

मानवधर्म सभेचा शेवटही ध्यानी ठेवण्यासारखा आहे. १८४६ मध्ये दादोबा मुंबईस गेले, सभेचा जोर ओसरला. १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला गेले आणि सभा थांबली. दोन माणसांच्या खांद्यांवर उभी असलेली सभा त्या दोघांबरोबर गेली. म्हणूनच आळीपाळीने काम वाटून घेण्याची रीत मला मोलाची वाटते.

अहिराणीचे काय?

माझा भाचा ‘आमची भाषा’ म्हणाला, तेव्हा त्याला मराठी म्हणायचे होते की अहिराणी? त्याने मला नंतर सांगितले की त्यालाही नीट कळले नाही. शाळेत अहिराणी बोलल्यास ‘शुद्ध बोल’ असे ऐकावे लागे. पुढे शाळा इंग्रजी झाली, तेव्हा शुद्ध मराठीही सुटली. परिणामी एक भाषा लाजेने गेली आणि दुसरी सवयीअभावी गेली. हा अन्याय गुजरातेने केलेला नाही, हा आपल्या शुद्धतेच्या कल्पनेने केलेला आहे.

वस्तुतः सीमेवर राहणाऱ्याला अहिराणी हे धन आहे. प्रमाण मराठीत ‘घराचा दरवाजा’, अहिराणीत ‘घरना दरवाजा’, गुजरातीत ‘घरनो दरवाजो’. षष्ठीचा हा प्रत्यय पाहिला तरी दोन भाषांमधील पायवाट दिसते. त्या शिक्षिकाबाईंना ती म्हण ‘समजल्यासारखी’ वाटली, त्याचे एक कारण हेही असावे. म्हणून सुरतेत जे मंडळ निघेल, त्यात अहिराणीत बोलणाऱ्याने माफी मागायची नाही, हा पहिला नियम असावा. प्रमाण मराठी सर्वांच्या उपयोगासाठी शिकावी, बोली आपली म्हणून बोलावी, आणि एका भाषेतून दुसरीत जाताना कोणाला खाली पाहावे लागू नये.

काय करता येईल?

माझी सूचना साधी आहे. सुरतेत, आणि जेथे जेथे परराज्यात मराठी वस्ती आहे तेथे, दहा-पंधरा जणांनी पंधरवड्यातून एकदा जमावे. शाळेचा एखादा वर्ग, गणेश मंडळाची खोली, कोणाच्या घराची गच्ची, काहीही चालेल. शाल नको, श्रीफळ नको, प्रमुख पाहुणे तर मुळीच नकोत. तीन जणांनी तयारीची भाषणे करावीत, पाच-सहा जणांनी चिठ्ठी उचलून आयत्या वेळी बोलावे, आणि प्रत्येक भाषणाला एकाने उत्तर द्यावे : काय चांगले होते आणि पुढच्या वेळी काय सुधारता येईल.

पदांना मराठी नावे हवीत, म्हणून काही सुचवतो. बैठक चालवणारा तो सभाचालक. घड्याळ सांभाळणारा तो वेळ-नोंदक. भाषेवर लक्ष ठेवणारा तो भाषा-निरीक्षक. भाषणाचे गुणदोष सांगणारा तो समीक्षक. अडखळण्याचे शब्द मोजणाऱ्याला अडखळ-नोंदक म्हणता येईल. त्याला आपल्याकडे कामाचा तुटवडा भासणार नाही. इंग्रजीत ‘अं’ मोजतात, आपण ‘म्हणजे’, ‘असं आहे की’, ‘काय म्हणतात त्याला’ आणि ‘ॲक्च्युअली’ मोजू. याहून चांगली नावे वाचकांना सुचली, तर ती जरूर वापरावीत. नावापेक्षा काम महत्त्वाचे.

दोन आक्षेप मला ऐकू येतात. पहिला असा की पोट इंग्रजीवर आणि धंदा गुजराती-हिंदीवर चालतो, मग मराठीत भाषण शिकून काय मिळणार? त्याचे उत्तर माझ्या भाच्याने चिठ्ठी उचलून दिले आहे. पगार, बढती, सौदा यांसाठी त्याची इंग्रजी पुरेशी आहे. आजोबांना निरोप देण्यासाठी ती पुरली नाही. माणसाच्या आयुष्यात असे प्रसंग थोडेच येतात, पण ते आले की दुसऱ्या कोणत्या भाषेने भागत नाही. शिवाय वस्तीतील पाण्याचा प्रश्न, शाळेतील पालकसभा, कामगारांची तक्रार या गोष्टी मांडण्यासाठी आधी आपल्या भाषेत विचार जुळवता यावा लागतो. तो जुळला की गुजरातीत सांगणे सोपे जाते.

दुसरा आक्षेप असा की यामुळे गुजराती शेजाऱ्यांच्या मनात किंतु येईल. मला तसे वाटत नाही. उलट महिन्यातून एका बैठकीला गुजराती मित्रांना बोलवावे, त्यांनी गुजरातीत बोलावे, आपण मराठीत. दादोबांनी आणि दुर्गारामांनी याच शहरात एकत्र सभा चालवली, तेव्हा दोन राज्ये नव्हती. १ मे १९६० रोजी ती झाली. राज्ये वेगळी झाली म्हणून सभा वेगळ्या व्हाव्यात असे कोठे लिहिले आहे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. मीही वाटले. त्या दर्जाने मराठीच्या जुन्या ग्रंथांना मान मिळाला, पण लिंबायतमधील एका तरुणाला आजोबांविषयी उभे राहून बोलण्याचे बळ त्याने येणार नाही. ते बळ दर पंधरा दिवसांनी जमणाऱ्या दहा माणसांकडूनच येईल.

परतीच्या दिवशी भाचा मला स्थानकावर सोडण्यास आला होता. गाडी येण्यास अवकाश होता. मी त्याला म्हटले, आजोबांच्या वर्षश्राद्धाला गावी येशील, तेव्हा बोलशील का? तो म्हणाला, “बोलेन मामा, पण आधी कुठेतरी सराव करावा लागेल.” त्याच्या इमारतीतील चार मुलांची नावे त्याने मला तेथेच सांगितली. वर्षश्राद्धाला अजून तीन महिने आहेत. तोवर सहा बैठका होतील.

आपल्या गावी, आपल्या वस्तीत असे चार जण आहेत का, ते पाहावे. असले तर पुढच्या रविवारी त्यांना चहाला बोलवावे आणि एकेकाला उभे करावे.

आपला नम्र,
सीमेवरचा एक मराठीभाषक